८९५ चा हिशेब: गोलांच्या विक्रमाचा पाठलाग वहीत कसा ठेवावा

वहीच्या पहिल्या पानावर तीनच आकडे लिहायचे: विक्रम किती, आपला गडी कुठे आहे आणि विक्रम मोडायला किती हवेत. आइस हॉकीपटू अलेक्झांडर ओव्हेच्किनने वॉशिंग्टन कॅपिटल्सकडून २०२४-२५ चा हंगाम सुरू केला तेव्हा हे पान असं होतं: ८९४, ८५३, ४२. पुष्कळ लोक इथेच घसरतात. ८९४ मधून ८५३ गेले की ४१ उरतात, पण ४१ गोलांनी ८९४ चा विक्रम करणाऱ्या वेन ग्रेट्झकीची नुसती बरोबरी होते, मोडायला एक जास्त लागतो. म्हणून 'बरोबरीला' आणि 'मोडायला' असे दोन रकाने आखा. त्या दोन रात्री वेगळ्या असू शकतात. इथे तशा त्या होत्याच: बरोबरी ४ एप्रिल २०२५ ला झाली, विक्रम ६ एप्रिलला.

त्याच पानावर खाली, काय मोजायचं आणि काय नाही ते लिहून ठेवा. ८९४ हा आकडा एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य आइस हॉकी लीगच्या, साखळी सामन्यांचा आहे. प्लेऑफचे (साखळीनंतरच्या बाद फेऱ्यांचे) गोल वेगळ्या खात्यात जातात. ग्रेट्झकीचे तिथले १२२ आहेत. डब्ल्यूएचए या दुसऱ्या लीगमध्ये १९७८-७९ ला त्याने केलेले ४६ गोल कुठल्याच एनएचएल आकड्यात धरत नाहीत. ग्रेट्झकीआधीचा विक्रमवीर गॉर्डी हाउचे ८०१ मोजतानाही हाच नियम होता. ओव्हरटाइममधला गोल धरतात, सामना चालू असताना मिळालेल्या पेनल्टी शॉटचा धरतात, शूटआउटमधला (बरोबरी सोडवायला शेवटी मारतात त्या फटक्यांतला) धरत नाहीत. शूटआउटमध्ये पक (चेंडूऐवजी असते ती रबरी चकती) जाळीत गेला की बातमीत 'ओव्हेच्किनचा गोल' असा मथळा येतो आणि वहीत एक आकडा फुकट चढतो. आठवड्याभराने बेरीज जुळत नाही, मग चूक कुठे झाली ते शोधत बसावं लागतं.

आता रोजचं पान. एका सामन्याला एक ओळ आणि ओळीत सात रकाने पुरतात: तारीख (तिकडची), प्रतिस्पर्धी, घरी की बाहेर, गोलवर मारलेले फटके, गोल, गोलाचा प्रकार, उरलेले सामने. सर्वात महत्त्वाचा रकाना शेवटचा आणि तो बहुतेक जण ठेवतच नाहीत. ओव्हेच्किनच्या हंगामातल्या काही ओळी नमुन्यादाखल (फटके आणि उरलेले सामने इथे गाळलेत, एकूण गोल जोडलेत):

१८ नोव्हेंबर, युटा, बाहेर, गोल २, एकूण ८६८. पाय मोडला.
२८ डिसेंबर, टोरोंटो, बाहेर, गोल १ (रिकामी जाळी), एकूण ८६९. पुनरागमन.
२३ फेब्रुवारी, एडमंटन, घरी, गोल ३, एकूण ८८२.
४ एप्रिल, शिकागो, घरी, गोल २ (दुसरा पॉवर प्लेवर, म्हणजे समोरचा गडी शिक्षेमुळे बाहेर असताना), एकूण ८९४.
६ एप्रिल, न्यूयॉर्क आयलँडर्स, बाहेर, गोल १ (पॉवर प्ले, तीनपैकी दुसरा पिरियड, ७:२६), एकूण ८९५.

प्रकाराच्या रकान्यात खुणा ठरवून टाका: 'स' म्हणजे दोन्हीकडे सारखे गडी, 'पॉ' म्हणजे पॉवर प्ले, 'रि' म्हणजे रिकामी जाळी (समोरच्यांनी गोलरक्षक काढलेला असताना), 'ओ' म्हणजे ओव्हरटाइम. हे कशाला, असं वाटेल. महिनाभराने 'पॉ' आणि 'रि' किती झाले ते पाहिलं की पुढचा गोल कुठल्या वेळी येण्याची शक्यता जास्त, ते कळतं. पहाटे साडेचारला उठून पूर्ण सामना पाहायची ताकद नसेल, तर नेमकं कधी डोळे उघडे ठेवायचे तेही त्यावरून ठरतं.

गतीचं गणित

हे गणित खरं तर सोपं आहे, पण घाईत चुकतं. १८ नोव्हेंबरपर्यंत ओव्हेच्किनचे १८ सामन्यांत १५ गोल होते. सामन्याला ०.८३. कुणीही हंगामातल्या ८२ सामन्यांनी गुणून '६८ गोलांची चाल' म्हणावं, आणि तसं म्हटलंही जात होतं. प्रत्यक्षात हंगाम संपला ६५ सामन्यांत ४४ गोलांवर, म्हणजे ०.६८. अठरा सामन्यांची सरासरी ही फुगलेली असते किंवा आटलेली; तिच्यावर एकटीवर विसंबू नये.

दोन सरासऱ्या काढा. एक कारकिर्दीची: हंगामाआधी १,४२६ सामन्यांत ८५३, म्हणजे ०.६०. दुसरी अलीकडची, मागचा आणि चालू हंगाम मिळून: २०२३-२४ ला ७९ सामन्यांत ३१, त्यात हे १८ सामन्यांतले १५ मिळवले की ९७ सामन्यांत ४६, म्हणजे ०.४७. वय ३९. पहिली सरासरी तरुणपणाचे गोल धरते, दुसरी म्हातारपणाचे. खरं उत्तर यांच्या आसपास कुठेतरी असतं आणि क्वचित दोन्हींच्या वरही जातं.

आता उरलेले सामने. पाय मोडल्यावर तो १६ सामन्यांना मुकला. संघाचे १८ झालेले आणि १६ गेलेले, म्हणजे ८२ मधून ४८ उरले. गोल हवेत २७. कारकिर्दीच्या सरासरीने ४८ सामन्यांत सुमारे २९ गोल येतात, अलीकडच्या सरासरीने सुमारे २३. एकीने विक्रम याच हंगामात, दुसरीने पुढच्या. एवढ्यावर न थांबता तिसरी पायरी करा: आलेल्या अंदाजाचं वर्गमूळ काढा. २९ चं साधारण ५.४, २३ चं ४.८. अंदाजाच्या दोन्ही बाजूंना एवढी हलचल अगदी नेहमीची समजायची. म्हणजे पहिल्या हिशेबाने २३ ते ३४ मधलं काहीही चालून जातं, दुसऱ्याने १८ ते २८. शक्यतेत सांगायचं तर २७ गाठण्याची संधी पहिल्या हिशेबाने तीनात दोन, दुसऱ्याने पाचात एक. डिसेंबरमध्ये 'होणारच' म्हणणारे आणि 'यंदा शक्य नाही' म्हणणारे, दोघेही जरा जास्तच ठाम होते.

झालं काय, तर परतल्यावर त्याच्या त्रेचाळिसाव्या सामन्यात सत्ताविसावा गोल पडला. संघाचे पाच सामने अजून शिल्लक होते.

आणखी एक जमाखर्च, जो वहीत जुळला की पेन खाली ठेवून दोनदा तपासावासा वाटतो: ८९५ वा गोल ओव्हेच्किनच्या १,४८७ व्या सामन्यात आला. ग्रेट्झकीने अख्ख्या कारकिर्दीत खेळलेले सामनेही १,४८७ च. त्यामुळे 'तो जास्त सामने खेळला म्हणून' हा वाद निदान या आकड्यापुरता मिटतो. १९८०-९० च्या दशकांत गोल जास्त पडत आणि गोलरक्षकांची पॅडं लहान होती, तो वाद वेगळा. तो वहीत मावत नाही.

गोल हप्त्याने येत नाहीत

सामन्याला ०.६ म्हणजे पाच सामन्यांत तीन, असं कॅलेंडरवर आखून ठेवणारे लोक असतात. तसं होत नाही. ०.६ गतीच्या गड्याच्या निम्म्याहून जास्त सामन्यांत, शंभरात सुमारे ५५ मध्ये, गोल पडतच नाही. सलग तीन सामने कोरडे जाण्याची शक्यता सहात एक, सलग पाच जाण्याची वीसात एक. ८२ सामन्यांच्या हंगामात असे कोरडे पट्टे येणारच. तिसऱ्या कोऱ्या रात्रीनंतर 'संपला तो' असं लिहायचा मोह होतो, तो आवरा.

दुसऱ्या बाजूला, एका रात्रीत दोन किंवा जास्त गोल होण्याची शक्यता आठात एक आहे. २३ फेब्रुवारीला एडमंटनविरुद्ध तीन पडले आणि सगळ्यांची कॅलेंडरं एका दुपारीत आठवडाभर मागे आली. म्हणून तारीख एकच लिहू नका, सामन्यांचा पट्टा लिहा. 'मोडायला' रकान्यात ३ उरले असतील तर त्याच रात्री विक्रम व्हायची शक्यता शंभरात दोन-तीन, २ उरले असतील तर बारा, १ उरला असेल तर पंचेचाळीस. चार एप्रिलच्या सकाळी रकान्यात ३ होते. त्या रात्री दोन पडले.

घड्याळ

भारतातून पाहणाऱ्यांची सर्वात मोठी फजिती इथे होते. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे पहाटे ४:३० ला सुरू होतो, पण फक्त उन्हाळी वेळ चालू असते तेव्हा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपासून मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत तोच सामना ५:३० ला. हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, म्हणजे घड्याळ मधे दोनदा सरकतं. मार्चमध्ये गजर न बदलल्यामुळे पहिला पिरियड हुकणारे दरवर्षी असतात. पश्चिम किनाऱ्यावरचा संध्याकाळी ७ चा सामना आपल्याकडे सकाळी ७:३० किंवा ८:३० ला, ऑफिसला निघायच्या वेळी.

तारीखही सरकते. तिकडच्या शुक्रवारचा सामना इकडे शनिवारी पहाटे. वहीत तिकडचीच तारीख ठेवा, नाहीतर अधिकृत नोंदीशी कधीच जुळणार नाही. इकडची वेळ कंसात लिहा. रविवारच्या दुपारचे सामने मात्र आपल्याला पर्वणी. विक्रमाचा सामना तिकडे दुपारी १२:३० ला होता, म्हणजे पुण्या-मुंबईत रविवारी रात्री १० ला. पहिला पिरियड थांबत थांबत ३५-४० मिनिटं घेतो, मग १८ मिनिटांचं मध्यांतर. दुसऱ्या पिरियडच्या आठव्या मिनिटातला तो गोल आपल्याकडे अकराच्या पुढे पडला. जेवून, आवरून, आरामात पाहता आला.

थेट चित्र मिळत नसेल तर एनएचएलच्या ॲपमधली घडामोडींची यादी उघडी ठेवा. प्रत्येक फटका, फाउल आणि गोल तिथे वेळेसह येतो. पॉवर प्लेची नोंद दिसली की चहाचा कप खाली ठेवायचा.

बर्फावर काय पाहायचं

पकच्या मागे नजर धावली तर गोल दिसत नाही, गोल झाल्यावरचा जल्लोष तेवढा दिसतो. पक लहान, वेग अफाट. म्हणून पॉवर प्ले सुरू झाला, म्हणजे समोरच्या संघाचा गडी दोन मिनिटांसाठी बाहेर बसला, की पक सोडा आणि डावीकडचं फेसऑफ वर्तुळ, म्हणजे जाळीच्या अलीकडे बर्फावर आखलेलं मोठं वर्तुळ, पाहा. ओव्हेच्किन उजव्या हाताने मारतो. डाव्या वर्तुळात उभा राहिला की त्याच्या काठीचं पातं गोलाच्या मध्याकडे उघडं राहतं आणि समोरून आलेला पक न थांबवता थेट मारता येतो. सगळ्या लीगला ही जागा ठाऊक आहे. तरी गोल पडतात, कारण त्याच्यावर एक बचावपटू कायमचा चिकटवला तर बाकीच्या चौघांना तिघांशी खेळायला मिळतं. पॉवर प्लेवरच्या गोलांचा डेव्ह अँड्रेचुकचा २७४ चा विक्रम त्याने २०२१ मध्येच मागे टाकला, तो मुख्यतः याच वर्तुळातून.

ओळखायला सोपा: ८ नंबर, पिवळ्या नाड्या, हेल्मेटची धुरकट काच. पॉवर प्लेच्या दोन मिनिटांत बाकीचे बदलतात, तो बहुतेक वेळा पूर्ण दोन मिनिटं बर्फावरच असतो. पक उजवीकडच्या गड्याकडे गेला की सावध व्हा. तिथून आडवा पास सुटला तर गोलरक्षकाला संपूर्ण जाळी ओलांडून सरकावं लागतं. ८९५ वा गोल नेमका असाच झाला: सहकारी टॉम विल्सनचा पास, डाव्या वर्तुळातून फटका, आयलँडर्सचा गोलरक्षक इल्या सोरोकिनला पोचायला उशीर. नंतर ओव्हेच्किन पोटावर आडवा होऊन बर्फावरून घसरत गेला, ते सगळ्यांनी पाहिलं. फटका किती जणांनी पाहिला, हे विचारायला हवं.

दुसरी वेळ शेवटच्या तीन मिनिटांची. कॅपिटल्स एक-दोन गोलांनी पुढे असतील तर समोरचा संघ गोलरक्षक काढून सहावा गडी आणतो आणि जाळी रिकामी राहते. तेव्हा ओव्हेच्किन बर्फावर आहे की बाकावर, ते पाहा. हे गोल स्वस्त म्हणून नाकं मुरडली जातात. पण नियमाने गोल तो गोल, आणि आघाडी टिकवायच्या मिनिटांत प्रशिक्षक ज्याला पाठवतो त्याच्यावर त्याचा भरवसा असतो. ४ एप्रिलला ८९४ झाल्यावर शिकागोची जाळी रिकामी झाली, तेव्हा मात्र तो बाकावरच राहिला. विक्रम रिकाम्या जाळीत नको, असं त्याचंच म्हणणं होतं.

गोल पेनाने लिहायची घाई नको

पक आत गेला, दिवा लागला, प्रेक्षक उठले; तरी वहीत आधी पेन्सिलच. तीन गोष्टी अजून फिरू शकतात. एक, समोरचा प्रशिक्षक आव्हान देऊ शकतो: हल्ला सुरू होताना कुणी ऑफसाइड होता, गोलरक्षकाला अडवलं, किंवा खेळ आधीच थांबायला हवा होता. चित्र मागे नेऊन पाहतात आणि गोल रद्द होतो. दोन, पक रेषेच्या पूर्ण पलीकडे गेला का, काठी फार उंच होती का, पायाने ढकलला का, याची तपासणी. तीन, आणि पाठलागात सर्वात जास्त छळणारी: गोल खरा, पण नाव बदलतं. फटका ओव्हेच्किनचा, जाळीसमोर उभ्या सहकाऱ्याच्या काठीला जरासा लागून आत गेला, तर गोल त्या सहकाऱ्याचा. उलटही होतं. आइस हॉकीत स्वयंगोल नावाची नोंदच नाही. बचावपटूने स्वतःच्या जाळीत घातला तरी हल्ला करणाऱ्या संघाच्या ज्या गड्याने पकला शेवटचा स्पर्श केला, गोल त्याच्या नावे चढतो. हे बदल पुढच्या पिरियडमध्ये येतात, कधी सामना संपल्यावर. पेनाने लिहायचं ते अधिकृत गुणपत्रक आल्यावरच.

तिकीट काढणाऱ्यांसाठी

न्यू जर्सी, व्हर्जिनिया, मेरीलँडकडे मराठी मंडळी भरपूर आहेत, त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅपिटल्सचं कॅपिटल वन अरीना थेट गॅलरी प्लेस-चायनाटाउन मेट्रो स्थानकावर आहे; आयलँडर्सचं यूबीएस अरीना एल्मॉन्टला, लाँग आयलंड रेल रोडचं स्वतःचं स्थानक असलेलं. नेमक्या विक्रमाच्या रात्रीचं तिकीट आधी काढणं हा जुगार आहे, आणि वरच्या हिशेबाने एक गोल बाकी असतानाही तो निम्म्याहून जास्त वेळा फसतो. पट्ट्यातले लागोपाठचे दोन सामने निवडा, त्यातला एक परगावचा. परगावी भाव सहसा कमी चढतो.

जागा निवडताना एक लक्षात ठेवा. संघ दर पिरियडला बाजू बदलतात. पहिल्या आणि तिसऱ्या पिरियडमध्ये संघ आपल्या बाकापासून लांबच्या जाळीवर चाल करतो, दुसऱ्यामध्ये जवळच्या. म्हणून आपला बाक कुठल्या बाजूला आहे ते नकाशात पाहा आणि त्याच्यापासून लांबच्या टोकाला बसा. काचेला लागून बसायचा मोह टाळा. तिथून समोरचं टोक दिसत नाही. पंधरा-वीस ओळी वर बसलं की वर्तुळ, पास आणि फटका एका नजरेत येतात.

थांबण्याचे दिवस

वहीत काही पानं कोरी राहणार हे आधीच धरा. ओव्हेच्किनच्या पाठलागात पाय मोडल्यामुळे गेलेले १६ सामने आहेत, फेब्रुवारीत चार देशांच्या स्पर्धेसाठी लीगने घेतलेली सुट्टी आहे. त्याआधी २००४-०५ चा पूर्ण हंगाम मालक-खेळाडूंच्या भांडणात गेला आणि त्याचं पदार्पणच वर्षभर लांबलं, २०१२-१३ चा ४८ सामन्यांवर आला, दोन हंगाम करोनाने कापले. या नोंदी समासात लिहा, एकूण बेरजेत 'झाले असते' म्हणून घुसवू नका. आपल्याला ही वाट नवीन नाही. सचिनचं नव्व्याण्णवावं शतक नागपूरला १२ मार्च २०११ ला झालं आणि शंभरावं मीरपूरला १६ मार्च २०१२ ला. तो सामना भारत हरला. ओव्हेच्किनच्या ८९५ च्या दिवशी कॅपिटल्सही ४-१ ने हरले. त्यांचा एकमेव गोल तोच. निकालाचा रकाना वेगळा ठेवा.

आणि वही बंद करू नका. २०२४-२५ संपला तेव्हा त्याचे साखळीत ८९७ आणि प्लेऑफमध्ये ७७ होते, मिळून ९७४. ग्रेट्झकीचे दोन्ही मिळून १,०१६. नवीन पानावर पुन्हा तेच तीन आकडे: १,०१६, ९७४, ४३. बरोबरीला ४२. पुढे ५ नोव्हेंबर २०२५ ला सेंट लुइसविरुद्ध साखळीतला नऊशेवा पडला, तिथे 'मोडायला' रकान्यात ४० लिहा. या पानावर प्लेऑफचे गोल धरायचे आहेत, तेवढी खूण वर लाल पेनाने करून घ्या.